शिवणीतली माया

‘माया’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कीर्तनात नव्हे. तो ऐकला शिवणाच्या मशीनपाशी, आणि तोही बोलणी खाताना. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. आईने एक पांढरा कपडा हाती देऊन उशीचा अभ्रा बेतायला सांगितले. मी उशी कपड्यावर ठेवली, तिच्या कडेकडेने खडूची रेघ ओढली आणि रेघेवरून मोठ्या ऐटीत कातर चालवली. शिवून झाल्यावर उशी काही आत जाईना. आईने अभ्रा उलटा करून पाहिला आणि म्हणाली, “अगं, माया कुठे ठेवलीस?” मी बावरून मशीनवर, खाली चटईवर इकडेतिकडे पाहू लागले. माया नावाची एखादी वस्तू माझ्याकडे दिली होती आणि ती मी हरवली, असेच मला वाटले.

पुढे वय वाढले तसे या शब्दाचे बाकीचे अर्थ कळत गेले. वेदान्त्याची माया म्हणजे खऱ्याला झाकून खोटे दाखवणारी. संसारी माणसाची माया म्हणजे लेकरावरचा जीव. व्यवहारात कुणी ‘बरीच माया जमवली’ म्हटले, की तो पैसा असतो आणि बहुधा फार सरळ मार्गाने आलेला नसतो. आणि शिवणाऱ्याची माया म्हणजे शिवणीच्या पलीकडे, कपड्याच्या आतल्या अंगाला सोडलेले जास्तीचे कापड. तत्त्वज्ञ पहिल्या अर्थाविषयी पुष्कळ बोलले आहेत. चौथ्या अर्थाकडे कुणी फारसे लक्ष दिलेले मला आढळले नाही. मला मात्र आयुष्यातला एक प्रश्न याच चौथ्या अर्थाने घातला, आणि तो अजून सुटलेला नाही. म्हणून हे लिहीत आहे.

वडील गेल्यावर आईने साताऱ्याला लोकांचे कपडे शिवून आम्हा दोघा भावंडांना वाढवले. मी मोठी, भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. तिच्या कामाची एक रीत होती आणि ती कधी चुकत नसे. सुती कापड आले की आधी रात्रभर पाण्यात पडायचे. कारण ते पहिल्या धुण्यात आटते, आणि आटायचेच असेल तर ते बेतण्याआधी आटावे. मग उभा धागा कोणता, आडवा कोणता हे ती चिमटीत ताणून पाही. उभा धागा सहसा ताणला जात नाही, आडवा थोडा दाद देतो, आणि उरेब धरले तर तेच कापड रबरासारखे लांबते. अंगाच्या लांबीला उभा धागा आला पाहिजे. नाहीतर सदरा चार धुण्यांत तिरपा होऊन एका बाजूने लोंबू लागतो. मग माप. छातीचे माप चौतीस आले म्हणून सदरा चौतिसाचा बेतायचा नसतो. माणसाला श्वास घ्यायचा असतो, हात वर करून फळीवरचा डबा काढायचा असतो. सदऱ्याला ती मापापेक्षा चार इंच सैल धरी. आणि एवढे झाल्यावर, सगळ्याच्या बाहेर, माया.

सैल वेगळे आणि माया वेगळी, हे मला समजायला फार दिवस लागले. सैल हे घालणाऱ्याला रोज जाणवते. ते आजच्या अंगासाठी असते. माया ही घालणाऱ्याला कधीच जाणवत नाही; ती उद्याच्या अंगासाठी असते. पोलक्याच्या कुशीला आई एक ते दीड इंच माया ठेवी, खांद्याला अर्धा इंच. मुलींच्या झग्याच्या घेराला खाली चार इंचांची दुमड आणि वर दोन आडव्या चुण्या घाली. दर वर्षी एक चूण उसवायची की झगा पुन्हा गुडघ्याखाली. ‘वाढत्या अंगाचे शिवा’ असे गिऱ्हाईक सांगे. न सांगितले तरी आई तसेच शिवी.

पण माया सगळीकडे ठेवून चालत नाही, हेही तिनेच शिकवले. गळ्याला पाव इंचाच्या वर माया ठेवली तर गळा बसत नाही, चुणतो. सरळ शिवणीत आतले कापड निमूटपणे पडून राहते. वळणावर मात्र आतली कड आणि शिवण यांची लांबी सारखी राहत नाही, आणि उरलेले कापड अंगावर येते. म्हणून वळणावर माया थोडी ठेवायची आणि तिलाही जागोजाग कातरीचे टोक लावून मोकळी करायची. ते टोक टिपेपर्यंत न्यायचे, पण टिपेला लागू द्यायचे नाही. घरात एखाद्या माणसावर सगळ्यांची फार माया असते आणि त्याच मायेने त्याचा गळा चुणतो, असे आपण पाहतोच. परंतु तो या लेखाचा विषय नव्हे.

विषय आहे मापाचा. आपले जुने कपडे पाहा. धोतर, उपरणे, लुगडे यांना सुईदोरा लागतच नाही. एकच नऊवारी लुगडे सासू नेसेल, सून नेसेल, गरोदरपणी नेसेल, बाळंतपणानंतर नेसेल. ते कुणाच्याच मापाचे नसते, म्हणून सगळ्यांना पुरते. अंगरख्यासारखा शिवलेला कपडासुद्धा पुष्कळसा सरळ तुकड्यांचा असे. हात हलावा म्हणून बगलेत चौबगला घातला की भागे. आणि एक गंमत अशी, की माणूस देवापुढे जातो तेव्हा बहुधा न शिवलेल्या वस्त्राकडे वळतो. आपले सोवळे न शिवलेले असते. हजला जाणारा पुरुषही न शिवलेल्या दोन चादरी पांघरतो. याची शास्त्रे काय कारणे देतात ती देवोत. मला त्यात एवढेच दिसते की त्या दारात कुणी कुणाचे माप घेत नाही.

शिवण आली की माप आले. माप घेणे म्हणजे एका जित्या माणसाला एका क्षणी थांबवून, ‘तू एवढा आहेस’ असे कागदावर लिहिणे. कागदावरचा आकडा तसाच राहतो. माणूस राहत नाही. तो वाढतो, सुटतो, वाळतो, पोक काढतो. तेव्हा मापाप्रमाणे शिवलेला प्रत्येक कपडा हा, मापाशी कितीही इमान राखले तरी, माणसाशी थोडा अन्याय करणारच. माया ही त्या अन्यायाची आगाऊ दिलेली कबुली आहे. शिवणारा जणू सांगतो, ‘मी तुझे माप घेतले आहे, पण तू तेवढाच आहेस असे मी समजत नाही.’

यावर आक्षेप आहे, आणि तो माझ्या भावानेच लहानपणी घेतला होता. तो हिशेबात हुशार. एकदा त्याने आईला विचारले, “दर पोलक्यामागे चार बोटे कापड आत जाते. ते कुणाला दिसत नाही आणि निम्म्या बायका पोलके कधी उसवतही नाहीत. मग ते वाया कशाला घालवायचे?” आक्षेप खोटा नव्हता. तयार कपड्यांचे आजचे कारखाने नेमके हेच म्हणतात. कपड्याच्या खर्चातला मोठा वाटा कापडाचा असतो. हजारो नगांत प्रत्येकी अर्धा इंच वाचला तर ठाणेच्या ठाणे वाचतात. ओव्हरलॉकच्या मशीनला तर सुईच्या बाजूलाच सुरी बसवलेली असते. टीप पडता पडता बाहेरचे कापड कापले जाऊन खाली गळते. दुकानातून आणलेला सदरा उलटा करून पाहावा. आत काढायला काही नसते. अंग वाढले की तो टाकायचा.

आईने भावाला उत्तर दिले ते फार साधे होते. “ज्यांना दुसरे शिवता येते त्यांना माया लागत नाही रे. आपली गिऱ्हाइके तशी नाहीत.” पुढे पुष्कळ वर्षांनी मला त्याचा अर्थ लागला. माया ठेवणे हा सुबत्तेचा गुण आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो टंचाईचा गुण आहे. ज्याला पुन्हा कापड मिळण्याची खात्री नाही तोच आजच्या कापडात उद्याची सोय करून ठेवतो. नात्यांचेही असेच असावे. ज्याला नवी माणसे सहज मिळतात, त्याला जुन्यांसाठी आत काही राखून ठेवण्याची गरज वाटत नाही.

आता माझी गोष्ट सांगते.

आई 1998 साली गेली. राहत्या वाड्यातल्या दोन खोल्या तिच्या नावावर होत्या. नातेवाइकांचा कल असा, की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी आणि माहेर राखावे. भाऊ स्वतः तोंडाने काही बोलला नाही. पण नाहीही म्हणाला नाही. 1956 च्या वारसा कायद्याने आईच्या मिळकतीत मुलामुलींचा वाटा सारखा आहे, हे मला माहीत होते. मी नोकरी करणारी, शाळेत मुलींना शिवण शिकवणारी बाई. ‘हक्क सोडलास तर माया राहील’ हा सौदा मला पटेना. मी सही केली नाही. खोल्या विकल्या आणि पैसे निम्मे निम्मे केले. यात मी चुकले असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

परंतु मी तेवढ्यावर थांबले नाही. आईच्या अखेरच्या सात महिन्यांत औषधपाण्याला भावाने खर्च केला होता. त्याने तो सांगितला. मी पावत्या मागितल्या. ज्याच्या पावत्या निघाल्या तेवढा खर्च धरला, बाकीचा धरला नाही. त्या सात महिन्यांत त्याच्या बायकोने रात्री जागवल्या होत्या. त्याची पावती कुठून येणार? आईचे मशीन मला हवे होते. मी बाजारात त्याची किंमत काढली, निम्म्या किमतीचा, चारशे रुपयांचा, धनादेश त्याला पाठवला आणि खाली लिहिले : ‘हिशेब पूर्ण.’ त्याने तो वटवला. उत्तर आले नाही.

त्यानंतर आमचे भांडण झाले असे नाही. दिवाळीला पत्र, पुढे फोन, लग्नकार्यात येणेजाणे. 2009 साली त्याची बायको दीड महिना इस्पितळात होती. घरी दोन मुले, तो एकटा, दिवसा नोकरी आणि रात्री इस्पितळ. मी तासाभराच्या अंतरावर, सेवानिवृत्त, रिकामी. मला ही बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळली, ती ती घरी परतल्यानंतर. मी धावत गेले आणि रागानेच विचारले, “मला कळवले का नाहीस?” तो शांतपणे म्हणाला, “ताई, आपला हिशेब पुरा झाला होता ना. पुन्हा तुझ्याकडे कशाच्या जोरावर मागायचे?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर देऊ शकले असते. त्याला खरोखरच तसे वाटले होते. मी त्या नात्याची शिवण अगदी मापात घातली होती. आत उसवून काढायला कापडच ठेवले नव्हते.

मग मी चुकले कुठे? या प्रश्नाने मला पुष्कळ छळले आहे. हक्क मागितला हीच चूक, असे माझ्या एका मावशीचे मत. ते मला मान्य नाही. बायकांनी हक्क सोडायचे आणि त्याला माया म्हणायचे, हे आपल्याकडे फार दिवस चालले. त्यात एकाच बाजूचे कापड आत जाते आणि दुसरी बाजू ऐसपैस वाढते. आई भोळी नव्हती. ती शिलाईचे पैसे रोख घेई, उधारी ठेवीत नसे, आणि गिऱ्हाइकाच्या कापडाची उरलेली चिंधीसुद्धा पुडी करून परत देई. शिंप्याच्या चोरीबद्दलच्या म्हणी तिला लागू नव्हत्या. मापात ती कुणालाच सूट देत नसे. मग मापाचे आणि मायेचे तिच्या हातात भांडण कसे होत नसे?

उत्तर तिच्या खडूत होते. ती कापडावर दोन रेघा ओढी. आतली रेघ शिवणीची. ती मापाबरहुकूम, तिथे केसाचा फरक चालत नाही. बाहेरची रेघ कातरीची. शिवण आतल्या रेघेवर पडते, कातर बाहेरच्या रेघेवर चालते, आणि दोन रेघांच्या मधली जागा म्हणजे माया. निम्मा वाटा ही आतली रेघ होती. ती मी बरोबर ओढली. पण कातर चालवायच्या वेळी मी बाहेरची रेघ ओढलीच नाही. शिवणीच्या रेघेवरूनच कापड तोडले. उशीच्या अभ्र्यावर केलेली चूक मी पन्नाशीत पुन्हा केली. पावत्यांवाचूनचा तो खर्च, वहिनीच्या त्या रात्री, ते चारशे रुपये, ते ‘पूर्ण’, हे सगळे दोन रेघांच्या मधले होते. ते कुणाच्या वाट्यात धरायचेच नव्हते. ते दोघांच्या मध्ये, आतल्या अंगाला, न मोजता राहू द्यायचे होते.

न्याय आणि माया यांतले एक निवडा, असे आपल्याला सांगितले जाते. न्याय निवडणारा कोरडा ठरतो, माया निवडणारा नागवला जातो. मला वाटते ही निवडच खोटी आहे. मापावाचून माया म्हणजे नुसते पोते. मायेवाचून माप म्हणजे एकदाच घालायचा कपडा. दोन रेघा लागतात, आणि त्यांतली कोणती कशासाठी आहे याचा विसर पडता कामा नये.

शिवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. कापडापेक्षा दोरा थोडा कच्चा असावा. ओढ बसली तर टीप तुटावी, कापड फाटू नये. तुटलेली टीप पाच मिनिटांत पुन्हा घालता येते. दोरा फार चिवट असला आणि शिवण अगदी कडेला असली, तर ओढ बसताच शिवण शाबूत राहते आणि कापडच दोऱ्यालगत विरते. माझे आणि भावाचे कधी कडाक्याचे भांडण झाले असते तर कदाचित बरे झाले असते. टीप तुटली असती, रडून-ओरडून पुन्हा घातली असती. आमचा दोरा फार चिवट निघाला. दिवाळीची पत्रे अकरा वर्षे चुकली नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात तो माझ्याकडे आला. आता त्यालाही सत्तरी गाठली आहे, पोट सुटले आहे. पिशवीतून त्याने एक निळी बंडी काढली. आईने त्याला शिवलेली, बहुधा 1995 सालची. “थंडीला हीच बरी वाटते. पण बटणे लागत नाहीत. काही होते का बघ.” मी चष्मा लावला, ब्लेडने कुशीची टीप उसवली. आत दोन्ही अंगांना दीड-दीड इंच माया. चाळीस-पंचेचाळिशीतल्या, लग्न झालेल्या, वाढ कधीच संपलेल्या मुलाच्या बंडीत आईने ती ठेवली होती. आतले कापड नव्यासारखे गडद निळे होते. बाहेरचे उन्हाने, धुण्याने राखी पडलेले. दोन्हींच्या मध्ये जुन्या टिपेची भोके एका रांगेत दिसत होती.

मी म्हटले, “सोडते, पण पट्टा दिसेल रे. जुनी रेघ जात नाही.”

“दिसू दे,” तो म्हणाला. “आतून बाहेरून आपल्याच घरचे कापड आहे.”

मी आईच्याच मशीनवर बसून नवी टीप घातली. तो समोर खुर्चीवर बसून वहिनीच्या गुडघ्यांविषयी बोलत होता. चहा झाला. बंडी अंगात घालूनच तो गेला.

या प्रसंगाने सगळे सांधले गेले असे म्हणून लेख संपवावा, असा मोह होतो. पण ते खरे होणार नाही. त्या दुपारी जी उसवून पुरवली ती आईची माया होती, माझी नव्हे. माया ही गरज पडल्यावर देण्याची वस्तू नाही. ती बेतण्याच्या वेळी, गरज कुणालाच दिसत नसताना ठेवावी लागते. कातर चालून गेल्यावर ती मागाहून घालता येत नाही. मागाहून घालता येतो तो फक्त जोड, दुसऱ्या कापडाचा. आणि तो कितीही रंग जुळवून लावला तरी दिसतो.

तरी जोड लावू नये असे नाही. आईने पुष्कळ जणींच्या पोलक्यांना बगलेत जोड लावून दिले आणि त्या ती पोलकी आणखी तीन-तीन वर्षे वापरीत. सध्या दर गुरुवारी मी भावाकडे जाते आणि वहिनीला डॉक्टरांकडे नेते. त्याने मागितले नव्हते. मीच म्हटले, आणि तो ‘बरे’ म्हणाला. त्याच्या नातीचा झगाही बेतायला घेतला आहे. ती आठ वर्षांची आहे आणि झपाट्याने वाढते आहे. कापडावर दोन्ही रेघा ओढून ठेवल्या आहेत. तिने परवा वाकून विचारले, “आजी, ही बाहेरची रेघ कशाला?” मी म्हटले, “तिथे हात नको लावू. ते पुढच्या वर्षीचे आहे.”